चांद्याचा कोळसा : वरोऱ्याच्या बंद खाणीची हकिकत

नेवासे तालुक्यातले आमचे घोडेगाव बाहेरच्या माणसाला दोन गोष्टींमुळे ठाऊक असते. एक, कांद्याचा बाजार. आणि दुसरी, नगरहून संभाजीनगरकडे जाताना शनिशिंगणापूरला वळणारा फाटा. गावच्या माणसाला घोडेश्वरीचे देऊळ आठवते आणि पाऊस सरल्यावर लागणाऱ्या वीटभट्ट्याही. दिवाळी झाली की माती कालवून विटा थापायला सुरुवात व्हायची. कच्च्या विटा उन्हात वाळल्या की भट्टी रचली जायची आणि मग एके दिवशी कोळशाचा ट्रक येऊन रिकामा व्हायचा. त्या काळ्या ढिगाचे आम्हा पोरांना मोठे अप्रूप. एकदा मी भट्टीवाल्या अण्णांना विचारले, "अण्णा, हा कोळसा कुठला?" अण्णा हातातल्या फावड्यावरून नजर न काढता म्हणाले, "चांद्याचा."

चांदा तर आमच्या शेजारचे गाव. तालुका तोच, पाहुणेरावळेही तिकडचे. त्यामुळे चांद्याच्या शिवारात कुठे तरी कोळशाची खाण आहे आणि ती आपल्याला अजून कुणी दाखवलेली नाही, अशी माझी पक्की समजूत झाली. अण्णांचा चांदा म्हणजे पार विदर्भाच्या दुसऱ्या टोकाचा, वर्धा नदीपलीकडचा जिल्हा, आणि १९६४च्या सुमारास त्याचे नाव चंद्रपूर झाले तरी ट्रकवाल्यांच्या तोंडी जुनेच नाव राहिले, हे कळायला बरीच वर्षे जावी लागली. त्यानंतर मात्र त्या कोळशाचा माग काढण्याचा छंद जडला. तो माग मागे मागे जात वरोरा या गावापाशी पोहोचला. तिथे १८७१ ते १९०६ अशी पस्तीस वर्षे सरकारने स्वतः चालवलेली कोळशाची खाण होती आणि खाणीच्या जोडीने भट्टीच्या विटांचे कामही होते. आज वरोरा म्हटले की आनंदवन आठवते. खाण सहसा कुणाला आठवत नाही. त्या खाणीची ही हकिकत.

१

आधी माझ्या बालपणीच्या समजुतीचा निकाल लावतो. घोडेगावात विहीर खणली तर काय लागते? वर काळी माती, मग मुरूम, आणि मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच दगडाने झाकलेला आहे. कोळसा त्याहून फार जुना. पंचवीस ते अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वी इथल्या दलदलीत जी झाडे गाडली गेली त्यांचा तो झालेला आहे. ज्या खडकांत तो सापडतो त्यांना भूशास्त्रात 'गोंडवाना' म्हणतात. गोंड राजांच्या मुलखावरून पडलेले हे नाव पुढे दक्षिण गोलार्धातल्या एका अख्ख्या प्राचीन भूखंडाला चिकटले. चंद्रपूर ही त्याच गोंड राजांची एक राजधानी.

लाव्ह्याची ही चादर पूर्वेकडे सरकत सरकत नागपूर-वर्ध्याच्या पुढे विरते. जिथे ती विरते तिथे खालचे गोंडवाना खडक उघडे पडतात. वरोरा नेमके या काठावर आहे. नगर जिल्ह्यात कोळसा नाही आणि चांद्यात आहे, यामागे इतकेच साधे कारण आहे. पण एवढ्या एका कारणामुळे एका मुलखाच्या वाट्याला कांदा-ऊस आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला खाण.

२

१८५३ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाली. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाड-नागपूरच्या कापसाकडे वळली. हिंगणघाटच्या कापसाचे नाव आधीपासून होतेच. कापूस मुंबई बंदरापर्यंत न्यायचा तर रेल्वे हवी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा, म्हणजे जीआयपीचा, मार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. पण रेल्वे आली म्हणून प्रश्न सुटला नाही, एक नवा प्रश्न उभा राहिला. इंजिनात जाळायचे काय? मुंबईकडे कोळसा विलायतेहून जहाजांनी येत असे. बंगालातल्या राणीगंजचा कोळसा हिंदुस्थानातलाच, पण तिथून नागपूरला थेट लोहमार्ग नव्हता. उरले जंगलातले लाकूड. आणि लाकडावर रेल्वे चालवायची म्हणजे जंगल किती वर्षे पुरणार, ही चिंता होतीच.

म्हणून चांदा जिल्ह्यातल्या कोळशाला महत्त्व आले. वर्धा नदीच्या खोऱ्यात घुग्घुसच्या बाजूला कोळशाचा थर दिसतो, ही माहिती पुढे आली होती. या जिल्ह्याची जमाबंदी करणारे मेजर ल्युसी स्मिथ यांचे नाव तिथल्या कोळशाच्या शोधाशी जोडले जाते. भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचे विल्यम ब्लॅनफर्ड यांनी चांद्याच्या परिसरातल्या थरांची पाहणी केली, आणि त्यांच्यामागून थिओडोर ह्यूज यांनी सगळे वर्धा खोरे पायाखाली घालून १८७७ साली त्यावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. जमिनीत भोके पाडून खालचे थर तपासत जाणे ही त्यांची पद्धत. गावच्या बाजूने जाणारे हे साहेब जमिनीला भोके कशाला पाडतात, हा प्रश्न त्या काळच्या शेतकऱ्याला पडला असेल तर नवल नाही. ज्यांच्या पायाखाली कोळसा होता त्यांना त्याची गरज नव्हती, आणि ज्यांना गरज होती ते तिथे राहत नव्हते. या खोऱ्याचा पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

३

वरोऱ्याची खाण १८७१पासून सरकारच्या ताब्यात चालली. त्या काळात बंगालातल्या खाणी खासगी कंपन्यांच्या होत्या, म्हणून सरकारने स्वतः खाणकाम करावे हे वेगळेपण होते. पण खाण एकटी काही कामाची नव्हती. कोळसा खणून वर काढायचा आणि बैलगाडीने वर्ध्याला न्यायचा, तर वाटेतच त्याची किंमत दुप्पट होणार. म्हणून वर्ध्यापासून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत सुमारे ४५ मैलांची फांदी टाकली गेली. तिचे नावच 'वर्धा कोल स्टेट रेल्वे' असे होते. १८७७पर्यंत ती वरोऱ्याला पोहोचली. नकाशावर ही फांदी वर्ध्याहून निघे आणि वरोऱ्याला संपे. पुढे काही नव्हते, कारण पुढे न्यायचेच काही नव्हते. रिकाम्या वाघिणी आत जात आणि कोळशाने भरून बाहेर येत. जाताना त्या हिंगणघाटचा कापूसही उचलत.

त्याच १८७७ सालच्या १ जानेवारीला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्या दिवशी, नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबईच्या माणसाने गिरणीसाठी मुंबई सोडून नागपूर का निवडावे, याचे तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले होते. जमशेटजींचा हिशेब सरळ होता. कापूस हाताशी, गिऱ्हाईक हाताशी, आणि इंधन वरोऱ्याच्या खाणीत. म्हणजे नागपूरच्या गिरणगावाच्या जन्मात वरोऱ्याच्या काळ्या ढिगाचाही वाटा आहे.

खाणीतले काम त्या काळच्या सर्वसाधारण रीतीचे होते. जमिनीत सरळ खोल विहिरीसारखे कूप घ्यायचे, कोळशाचा थर लागला की आडव्या गल्ल्या पाडत जायच्या, आणि छत कोसळू नये म्हणून मध्ये मध्ये कोळशाचेच जाड खांब सोडायचे. गल्ल्यांतला कोळसा आधी निघतो. खांबांतला शेवटी काढायचा असतो, आणि ते काम सगळ्यांत धोक्याचे. खांब काढला की छत बसते, छत बसले की वरची जमीन खचते. खांब ठेवला तर लाखो मण कोळसा तसाच सोडावा लागतो. प्रत्येक भूमिगत खाणीपुढे कधी ना कधी हा पेच येतोच.

वर्धा खोऱ्याच्या कोळशाची आणखी एक खोड होती. त्यात ओलावा जास्त. उघड्यावर ढीग घातला तर उन्हात त्याच्या ढेपा तडकून चुरा होतो, आणि हवा लागत राहिली तर तो आपोआप तापू लागतो. वेळीच पसरला नाही तर काडीही न लावता पेटतो. जमिनीखाली सोडून दिलेल्या चुऱ्याचेही तेच. म्हणून या खोऱ्यातल्या खाणकामगाराला पाणी, वायू आणि छत यांच्याइतकीच भीती आगीची. आमच्या भट्टीवरचे अण्णा कोळशाच्या ढिगावर अधूनमधून पाण्याचा हबका मारत. धूळ बसावी म्हणून मारतात, असे मला तेव्हा वाटे.

४

आता विटांविषयी. कोळशाच्या थरांच्या सोबतीने पुष्कळदा एक करडी, गुळगुळीत माती सापडते. इंग्रजीत तिला फायरक्ले म्हणतात आणि आता मराठीतही तोच शब्द रुळला आहे. आमच्या भट्टीच्या मातीत लोह आणि क्षार असतात, म्हणून वीट लाल होते आणि फार तापवली तर वितळून वाकडी होते. अशा विटांना आमच्याकडे कुणी भाव देत नाही. फायरक्लेमध्ये हे वितळवणारे क्षार फार कमी असतात. म्हणून तिची वीट पांढुरकी होते आणि ज्या तापाला साधी वीट पाण्यासारखी होईल तिथेही ती उभी राहते.

अशा विटांची गरज कुणाला? जिथे कोळसा जळतो त्या प्रत्येक जागेला. बॉयलरच्या भट्टीला आतून अस्तर लागते, ओतशाळेला लागते, चुन्याच्या भट्टीला लागते, रेल्वे इंजिनाच्या अग्निपेटीतली कमानही अशाच विटांची असते. त्या काळी असल्या विटा विलायतेहून जहाजाने येत. हिंदुस्थानात बसून इंग्लंडची माती विकत घ्यायची, असा तो व्यवहार. वरोऱ्यात कोळशाबरोबर ही माती निघत होती, तिला भाजायला हवा तो कोळसा शेजारीच होता, आणि माल न्यायला रेल्वे दाराशी. तेव्हा खाणीला जोडून विटा-कौलांचे काम सुरू होणे अगदी स्वाभाविक होते. खाणीतून निघालेल्या दोन गोष्टींपैकी एक जळून राख होणार आणि दुसरी त्या जाळाला कोंडून ठेवणार, अशी ही जोडी.

खाण आणि वीटकाम यांची ही जोडी जगात अनेक ठिकाणी दिसते. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात, गवताळ माळरानावर, क्लेबँक नावाचा असाच एक फायरब्रिकचा कारखाना होता. तो १९१४ ते १९८९ असा चालला. बंद पडल्यावर तिथल्या लोकांनी त्याच्या घुमटाकार भट्ट्या पाडू दिल्या नाहीत. आज ते त्या देशाचे राष्ट्रीय वारसास्थळ आहे, आणि लोक भट्टीत आत जाऊन उभे राहतात.

५

वरोऱ्याच्या कोळशाची एक कसोटी मात्र अशी झाली की तिचे परिणाम साऱ्या देशाला भोगावे लागले. १८८२ साली रिटर फॉन श्वार्त्स या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. लोहारा इथल्या लोहखनिजाची त्यांनी तारीफ केली होती. जवळच वरोऱ्याची खाण. लोखंड आणि कोळसा एकाच जिल्ह्यात! हा अहवाल जमशेटजींच्या हाती पडला आणि पोलादाच्या कारखान्याचे स्वप्न त्यांच्या मनात रुजले. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला. उत्तर आले, उपयोगाचा नाही.

कारण असे, की खनिज वितळवायला नुसता जळणारा कोळसा पुरत नाही, कोक लागतो. कोळसा हवाबंद तापवला की त्याचा घट्ट, सच्छिद्र दगड बनला पाहिजे, म्हणजे वरच्या खनिजाचा भार तो पेलतो. वर्धा खोऱ्याचा कोळसा तापवला तर त्याचा दगड होत नाही, भुगा होतो. पुढे वीस वर्षांनी जमशेटजींनी पुन्हा प्रयत्न केला तेव्हाही शोधाची सुरुवात चांद्यातूनच झाली होती. पण तो शोध पूर्वेकडे सरकत दुर्ग, आणि प्रमथनाथ बोस यांच्या पत्रानंतर मयूरभंज असा गेला. १९०७ साली कंपनी स्थापन झाली आणि कारखाना उभा राहिला तो साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, झरियाच्या कोकिंग कोळशाच्या जवळ. देशाच्या पहिल्या मोठ्या पोलाद कारखान्याचा विचार मराठी मुलखात सुरू झाला आणि एका प्रयोगशाळेतल्या कसोटीने तो तिथून उठला. वरोऱ्याच्या वाट्याला इंजिने आणि गिरण्या तेवढ्या राहिल्या.

६

त्याही टिकल्या नाहीत. १८९१ साली बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग नागपूर ते आसनसोल असा पूर्ण झाला आणि राणीगंजचा अधिक उष्णता देणारा कोळसा थेट नागपूरच्या दाराशी येऊ लागला. वरोऱ्याची सारी मातब्बरी जवळ असण्यात होती, आणि ती आता उणावली. तरी खाण चालली. बहरात असताना ती वर्षाला लाख टनांच्या आसपास कोळसा देत होती. पण हाती लागण्याजोगा कोळसा संपत आला, सरकारने बल्लारपूरला नवी खाण घेतली, आणि १९०६ साली वरोऱ्याची खाण बंद झाली.

इथे तारखांचा एक हिशेब मांडावासा वाटतो. खाण सुरू झाली १८७१ साली. हिंदुस्थानातल्या खाणी तपासायला पहिला निरीक्षक नेमला गेला १८९४ साली. खाणकामगारांच्या सुरक्षेचा पहिला कायदा झाला १९०१ साली. म्हणजे वरोऱ्याच्या पस्तीस वर्षांपैकी तेवीस वर्षे कुणी तपासनीस नव्हता आणि तीस वर्षे कायदा नव्हता. त्या काळात जो खाली उतरला तो वर आला की नाही, हे पाहणारा मालक आणि सरकार एकच होते. टनांचा हिशेब वर्षागणिक छापला गेला. ह्यूज, ब्लॅनफर्ड, ल्युसी स्मिथ ही नावे ग्रंथांत आली. कूप खणणारे, गल्लीत वाकून कुदळ चालवणारे, माती मळून विटा पाडणारे, डोक्यावरून टोपल्या वाहणारे लोक या कागदांत 'मजूर' या एका शब्दात मावले. खाण बंद झाली तेव्हा यंत्रे हलवता आली, साहेबांच्या बदल्या झाल्या. गावाला मात्र जिथल्या तिथे राहावे लागले, आणि त्याच्या एका बाजूला आतून पोकळ झालेली जमीन उरली.

७

तरी वरोऱ्यात एक गोष्ट राहिली, ती म्हणजे रेल्वे. कोळशासाठी टाकलेली ती फांदी खाण मिटल्यावर उखडली गेली नाही. ती बल्लारपूरपर्यंत वाढवली गेली. १९२९ साली काझीपेठ-बल्लारशा जोडमार्ग पूर्ण झाल्यावर ती दिल्ली-मद्रास मुख्य मार्गाचाच एक तुकडा झाली. आज उत्तरेहून चेन्नईकडे धावणाऱ्या गाड्या सेवाग्राम, हिंगणघाट, वरोरा या वाटेने जातात. रात्री झोपलेल्या प्रवाशाला माहीतही नसते, की आपण एका संपलेल्या खाणीच्या रुळांवरून चाललो आहोत.

आणि दुसरी गोष्ट माणसांची. हिंगणघाटला जन्मलेले बाबा आमटे वरोऱ्यात वकिली करत होते, तिथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि गावाबाहेरच्या खडकाळ माळावर आनंदवन उभे राहिले. तिथेही सुरुवात जमीन खणण्यानेच झाली, पण पाण्यासाठी. ज्यांना समाजाने टाकून दिले त्यांनी स्वतः विहीर खणली आणि तिचे पाणी स्वतःच्या शेताला पाजले. खाणीतून निघालेले सगळे बाहेर गेले होते. या विहिरीतून निघालेले तिथेच राहिले. खाण विसरली जाऊन आनंदवन लक्षात राहिले, याचे कारण कदाचित हेच असेल.

पण खाण विसरणे आपल्याला परवडणारे नाही. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी आली, आणि वर्धा खोऱ्यात पुन्हा सरकारच मुख्य खाणमालक झाले. आता भूमिगत गल्ल्यांपेक्षा उघड्या खाणी जास्त. वरोऱ्याच्या आसपास आजही कोळसा निघतो, त्यावर वीजघरे चालतात, आणि त्या विजेवर आमच्या घोडेगावची विहिरीवरची मोटर चालते. या खाणीही एक दिवस संपणार आहेत. काही संपल्याही. १९०६ साली खाण सोडून जाताना गावासाठी काही करण्याचे बंधन कुणावर नव्हते. २००९पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार खाण सुरू करतानाच ती बंद कशी करायची याचा आराखडा द्यावा लागतो आणि त्यासाठीचा पैसा वेगळ्या खात्यात बाजूला ठेवावा लागतो. खड्डे भरणे, झाडे लावणे, पाण्याची सोय, काम गेलेल्यांची व्यवस्था हे सारे त्यात येते. ही सुधारणा मोठी आहे. कागदावरचा आराखडा जमिनीवर उतरतो की नाही, हे मात्र त्या त्या गावालाच पाहावे लागेल. आणि आधीच्या गावाचे काय झाले हे आठवत असेल, तरच पुढचे गाव प्रश्न विचारू शकेल.

अण्णा आता नाहीत. त्यांच्या भट्टीच्या जागेवर कांद्याच्या चाळी उभ्या आहेत. गावातल्या जुन्या घरांच्या भिंतींत त्यांच्या विटा अजून आहेत, आणि एखादी फुटकी वीट हाती आली की तिच्या पोटात जळक्या कोळशाचा काळा डाग दिसतो. तो कुठला, असे नातवंडांनी विचारले तर मीही चांद्याचाच म्हणून सांगतो. फक्त आता मी तिथेच थांबत नाही. कुठल्या चांद्याचा, तेही सांगतो.